क्लेमच्या बापाची खुर्ची

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी आमच्या गावातले पुरुष विद्वान होतात. ज्यांना स्वतःच्या लेकीचा वाढदिवस आठवत नाही, त्यांना टेक्सासमधल्या कुठल्याशा कॉलेजातल्या पोराची उंची, वजन, गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्याच्या आईचं माहेर तोंडपाठ असतं. त्या संध्याकाळी ड्राफ्ट असतो. देशातल्या सगळ्या मोठ्या फुटबॉल टीम कॉलेजची पोरं आळीपाळीने उचलतात, आणि जी टीम जास्त हरलेली तिचा नंबर आधी. आमच्या स्टोकर्सचा नंबर कायम आधीच असतो. आमच्या लोकांना वाटतं, हा काहीतरी मान आहे.

यांचा अड्डा पोलिश क्लबच्या तळघरात. मी तिथल्या महिला मंडळाची, म्हणून माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीत. बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी लोण्यात परतायच्या, वर तळलेला कांदा घालायचा, ताटल्या खिडकीतून पुढे सरकवायच्या आणि वर्षानुवर्षं हे शहाणपण ऐकायचं. कानांना झाकणं नसतात, काय करणार.

खिडकीसमोरचं टेबल आमच्या त्रिकुटाचं. एक माझा नवरा क्लेम पाव्हलाक, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. दुसरा ऑगी डुडेक, कोपऱ्यावरचा खाटीक. सॉसेज उत्तम करतो, बोलतो कमी, म्हणून तिघांत तोच बरा. तिसरा नॉर्ब, जन्मभर शाळेची बस चालवली आणि आता एका खुर्चीत मावत नाही. तिघांच्या बापांनी स्टेडियममधल्या तीन लागून लागून खुर्च्या घेतल्या होत्या, त्या वारसाने या तिघांकडे आल्या. मोसमाच्या तिकिटांची यादी इतकी लांब आहे की नवीन खुर्ची मिळायची म्हणजे कुणीतरी मरावं लागतं. क्लेमची खुर्ची कडेची. लग्नात त्याने मला अंगठी दिली, पण खुर्ची बापाची.

मी सांगते आहे त्या वर्षी वाद चालला होता एका क्वार्टरबॅकच्या पंजावरून. आमच्या फुटबॉलात चेंडू हाताने फेकतात, आणि फेकणारा तो क्वार्टरबॅक.

"पंजा बघ ना पंजा!" नॉर्ब टेबलावर मूठ आपटत म्हणाला. "एवढासा पंजा! ओला चेंडू हातात राहील का त्याच्या? साबणासारखा सुटेल."

"माझा याच्याहून मोठा आहे," क्लेम म्हणाला. त्याने खरंच माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली होती. अंगठा आणि करंगळी ताणून त्याने आपला पंजा मोजला आणि सगळ्यांना दाखवला.

"मग तुलाच घेऊ या," ऑगी म्हणाला. "फक्त दोन्ही गुडघे बदललेत ते त्यांना सांगू नको."

"हसा, हसा," क्लेम म्हणाला. "मी सांगतो, डिकन हॅचला घ्या. पोरगा आहे का बुलडोझर! माणसं अशी उचलून फेकतो. आपल्याला मारणारा माणूस पाहिजे."

"तू त्याला खेळताना कधी पाहिलंस?" मी खिडकीतून विचारलं.

"पाहायला कशाला पाहिजे? कळतं ते."

"व्हिडिओचे तुकडे पाहिलेत त्याने. मोबाइलवर," नॉर्ब म्हणाला. "मीच पाठवले होते."

दीड मिनिटाचे तुकडे. त्यावर यांनी त्या पोराचं आयुष्य ठरवून टाकलं होतं. आणि हीच माणसं खरबूज घ्यायला गेली तर प्रत्येक खरबूज वाजवून, हुंगून शेवटी कच्चं घरी आणतात.

मग ऑगीने हळूच खडा टाकला. "मी ऐकलंय, आपले लोक किकर उचलणार आहेत."

किकर म्हणजे जो अंगावर चिखलाचा थेंब न घेता बाकावर बसतो आणि बाकीच्यांनी रक्त आटवल्यावर शेवटी येऊन दोन खांबांमधून चेंडू लाथेने मारतो. आमचे लोक त्याला खेळाडू मानत नाहीत. आचाऱ्यांच्या पंगतीत चहावाला बसवावा तसं त्यांना वाटतं. आता गेल्या मोसमात स्टोकर्स किती सामने त्याच शेवटच्या लाथेवर हरले होते, ते कुणी विचारू नये. मी विचारलं होतं एकदा, तेव्हा क्लेम दोन दिवस बोलला नाही.

"पहिल्या फेरीत? किकर?" क्लेम उठून उभा राहिला. "डकोटातला तो चष्मेवाला? लिंडबॅक? ज्याच्या मानेपेक्षा माझं मनगट जाड आहे, तो?"

"तोच."

"शक्य नाही. आपले लोक गाढव आहेत, पण इतके नाहीत."

"आणि घेतला तर?" नॉर्बने डोळे बारीक केले. हा माणूस आगीत तेल ओतायलाच जन्माला आला आहे.

इथे घंटेबद्दल सांगायला हवं. आमची पोलादाची गिरणी बंद पडली तेव्हा पाळी बदलायची पितळी घंटा क्लबवाल्यांनी उचलून आणली आणि तळघरात टांगली. ड्राफ्टच्या संध्याकाळी घंटा वाजवून जो बोलेल त्याचा शब्द पक्का, असा यांचा कायदा. चर्चमधल्या शपथेला यांच्याकडे पळवाट आहे, घंटेला नाही. ऑगीने याच पायी एकदा मिशी उतरवली होती आणि नॉर्बने सफरचंदासारखा कच्चा कांदा खाल्ला होता. एका दंतवैद्याने एप्रिलच्या गारठ्यात गावाशेजारच्या सरोवरात उडी मारली. तो नंतर गावच सोडून गेला.

क्लेम तरातरा घंटेकडे गेला. दोरी धरली. मी हातातला झारा खाली ठेवला, कारण हा माणूस मी ओळखते. उचलली जीभ की टाळ्याला लावतो.

"त्या किकरला घेतलं," घंटा घणघणली, "तर तो पोरगा आपल्या जर्सीत असेपर्यंत मी त्या स्टेडियममध्ये पाय ठेवणार नाही! माझ्या बापाच्या खुर्चीची शपथ!"

टाळ्या पडल्या. क्लेम लढाई जिंकल्यासारखा परत येऊन बसला आणि त्याने पिएरोगीची दुसरी ताटली मागितली. ती संपायच्या आत टीव्हीवर सुटातला माणूस मंचावर आला, त्याने हातातला कागद पाहिला आणि स्टोकर्सनी अ‍ॅन्सेल लिंडबॅक याला घेतल्याचं जाहीर केलं.

मी सांगते, एवढ्या माणसांना एकदम गप्प झालेलं मी फक्त अंत्यविधीत पाहिलंय. मंचावर तो चष्मेवाला पोरगा आला, टोपी घातली, ती डोळ्यांवर घसरली. सगळे क्लेमकडे बघत होते. क्लेम ताटलीतल्या कांद्याकडे बघत होता.

"हॅच कुणाकडे गेला ते तरी बघू," तो म्हणाला.

*

सप्टेंबर आला आणि त्या शपथेची किंमत कोण भरणार ते मला कळलं.

लग्न झाल्यापासून घरच्या सामन्यांचे रविवार माझे होते. क्लेम पहाटेच गाडीत कोळशाची शेगडी टाकून स्टेडियमच्या आवाराकडे निघायचा आणि अंधार पडल्यावर सॉसेजचा वास घेऊन परतायचा. मधला दिवस मी राणी. गरम पाण्याची आंघोळ, खसखशीच्या केकचा एक तुकडा, मग दुसरा, बहिणीशी फोनवर सगळ्या नातेवाइकांची धुलाई. कुणी हाक मारत नाही, कुणी मोजे शोधत नाही.

आता तो घरात बसला. टीव्हीसमोर. शपथ स्टेडियमची होती, टीव्हीची नव्हती. पण बाणा असा की लिंडबॅक मैदानात आला की हा उठून न्हाणीघरात जायचा आणि नळ सोडायचा. बाहेर आला की मला विचारायचा, "गेला का तो?"

"गेला."

"चेंडू?"

"खांबांमधून."

"नशीब असतं एकेकाचं," म्हणायचा आणि बसायचा. मग प्रशिक्षकाला शिव्या, पंचांना शिव्या, माझ्या केकला शिव्या. केक कोरडा झालाय म्हणे. दोन तुकडे खाऊन.

तिकडे खुर्ची रिकामी. ऑगीचा फोन आला की मागच्या रांगेतला एक लठ्ठ माणूस तिच्यावर बूट ठेवून बसतो. क्लेमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या आईच्या दफनाला होते, तिथे नव्हतं आलं.

"तिकीट देऊन टाक कुणाला तरी," मी म्हटलं.

"बापाची खुर्ची परक्याला?"

"मग मी जाते."

खरं सांगते, मला फुटबॉलचं काडीचं प्रेम नव्हतं. मला फक्त घराबाहेर पडायचं होतं. मला रस्त्यावरच्या खांबावर बसायला सांगितलं असतं तरी मी गेले असते.

क्लेम हसला. "तू? बरं, जा. तुला काय कळायचंय त्यातलं! पण खुर्ची तरी गरम राहील."

त्याचे शिकारीचे जाड कपडे चढवून, थर्मासमध्ये कोंबडीचं सूप घेऊन मी गेले. निघताना सांगितलं, "जेवण फ्रिजमध्ये आहे." खुर्ची म्हणजे थंडगार लोखंड. याच्यासाठी हा माणूस रडला होता! सरोवरावरून वारा असा येत होता की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं लागे. खाली माणसांचा ढीग व्हायचा, शिट्टी वाजायची, ढीग सुटायचा. नॉर्ब कानाशी ओरडून समजावत होता. पण नॉर्ब समजावतो तेव्हा जे थोडं कळलेलं असतं तेही जातं. शेवटी ऑगीनेच सांगितलं, "लोरी, चेंडू बघू नकोस. चेंडू सगळेच बघतात. कडेचा तो मोठा माणूस बघ, तो कुणाला अडवतो ते बघ." मी बघायला लागले.

आणि शेवटी, आम्ही दोन गुणांनी मागे असताना, लिंडबॅक मैदानात आला. चष्मा काढून खेळायचा तो. एवढ्या मोठ्या हिरव्या मैदानात एवढासा माणूस. हजारो लोक ओरडत होते, वारा झेंडे फाडत होता, आणि तो पोरगा आपल्याच बुटाकडे बघत उभा होता, जणू त्याला बसची वाट बघायची आहे. मग दोन पावलं आणि लाथ. चेंडू वाऱ्याने डावीकडे गेला, आणखी डावीकडे, मी म्हटलं संपलं सगळं, आणि तो सावकाश वळला आणि खांबांमधून गेला. तीन गुण, सामना आमचा.

मी काय केलं मला आठवत नाही. ऑगी म्हणतो, मी नॉर्बच्या पाठीवर चढले. घरी आले तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता.

"कसं होतं?" क्लेमने विचारलं. त्या लाथेच्या वेळी तो न्हाणीघरात असणार.

मी फक्त हात वर केले, खांबांसारखे.

"नशीब," तो म्हणाला.

पुढचे तीन मोसम ती खुर्ची माझी होती. मी जुन्या कोटाच्या लोकरीची एक जाड उशी शिवली, आतून रबर लावलं. हातमोज्यांची बोटं कापली म्हणजे सॉसेज नीट धरता येतं. ऑगी माझ्यासाठी लसूण घातलेली वेगळी करून आणायचा. मागच्या रांगेतल्या लठ्ठ माणसाला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं की बूट पुन्हा इथे दिसले तर सरोवरात शोधावे लागतील. नंतर तो माझ्या थर्मासातलं सूप प्यायला लागला. मला पंचांना शिव्या देता यायला लागल्या. पोलिशमध्ये, म्हणजे बाहेर काढत नाहीत. ज्या माणसांना मी जन्मभर हसले त्यांच्यातलीच मी एक झाले होते, तितकीच खुळी आणि तितकीच घसा बसलेली. याची मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. इतकी मजा मला लग्नातसुद्धा आली नव्हती.

*

मग लिंडबॅकचा करार संपला आणि तो दक्षिणेत उन्हातल्या एका टीमकडे निघून गेला. बरोबर केलं त्याने, या वाऱ्यात किती दिवस उभं राहायचं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. क्लेम बाहेरून शीळ घालत आला, हातात खसखशीचा केक.

"सुटलो! शपथ फिटली!" तो म्हणाला. "लोरी, तुझे रविवार तुला परत. आता बस निवांत."

मी म्हटलं, "निम्मे सामने तू जा, निम्मे मी जाते."

तो हसला. रागाने नाही, प्रेमाने हसला, तेच जास्त लागलं. "अगं, तू खुर्ची राखायला जात होतीस. राखलीस, उपकार झाले. पण खेळातलं तुला काय कळतं?"

मग त्याने माझी उशी उचलली, दाबून पाहिली. "ही बरी केलीस," म्हणाला आणि आपल्या पिशवीत टाकली.

तो मोसम मी घरी काढला. आंघोळीचं पाणी गार होईपर्यंत त्यात बसले. केक केला आणि तो पाव्हणे येईपर्यंत तसाच राहिला. बहिणीला फोन केला तर नातेवाइकांबद्दल बोलायला काही सुचेना. मी तिला डावीकडच्या बचावात भोक पडलंय ते सांगायला लागले, तर तिने विचारलं, बरं नाहीये का तुला? वारा सरोवराकडून असला की स्टेडियमचा आवाज आमच्या मागच्या अंगणापर्यंत येतो. मी धुणं वाळत घालायच्या निमित्ताने तिथे उभी राहायची. डिसेंबरात कोण धुणं बाहेर घालतं? चादरी फळीसारख्या कडक व्हायच्या. मी गर्जना ऐकायची आणि ओळखायची: ही आपली, ही त्यांची, ही हुकली. एकदा शेवटी लांबलचक 'ओह' आला आणि मग काहीच नाही. नवा किकर. मला माहीत होतं, आता ऑगी टोपी काढून डोकं खाजवत असेल आणि माझ्या उशीवर बसून क्लेम सगळ्यांना सांगत असेल, मी आधीच म्हटलं होतं. त्याने काहीच म्हटलेलं नसणार. मी चिमटे हातात घेऊन तिथे उभी होते, आणि मला त्या माणसाचा इतका राग आला की दोन चिमटे मोडले.

*

मग पुन्हा एप्रिल, पुन्हा तोच गुरुवार, तेच तळघर. मी खिडकीत, झारा हातात. फरक एवढाच, की मी अ‍ॅप्रनखाली लिंडबॅकची जुनी जर्सी घातली होती.

या वेळी सगळ्या टीव्हीवाल्यांचं एकमत होतं की स्टोकर्स टेव्हन प्रुइट नावाच्या क्वार्टरबॅकला घेणार. टीव्हीवाले म्हणजे ज्योतिषीच, त्यांचं दहातलं एक खरं होतं. पण आमचा जुना क्वार्टरबॅक खांदा मोडून घरी बसला होता, तेव्हा यात थोडं तरी तथ्य असणार होतं. मला तेवढं थोडं पुरे होतं.

क्लेम अजून प्रुइटवर काही ठाम बोलला नव्हता. नॉर्बने त्याला तुकडे पाठवले होते आणि क्लेमला ते आवडलेसे वाटत होते. "हात बरा आहे पोराचा," असंसुद्धा तो म्हणाला. लगेच उपाय करायला हवा होता, आणि उपाय मला माहीत होता. लग्नापासूनचा अनुभव असा, की मी ज्याला चांगलं म्हणेन ते क्लेमच्या मनातून उतरतं. पडद्यांचा रंग, धाकटा जावई, आल्याचं लोणचं.

मी ताटल्या घेऊन स्वतः टेबलापाशी गेले. "मला तर प्रुइट फार आवडतो," मी म्हटलं.

क्लेमने मान वर केली. "तुला?"

"किती गुणी पोरगा आहे! परवा मुलाखतीत आईची आठवण निघाली तर रडायला लागला."

"रडला? क्वार्टरबॅक रडला?"

"हळवा आहे रे. आणि पियानो वाजवतो."

"पियानो!" नॉर्बच्या तोंडातला घास खाली पडला.

"मग बोटं नाजूक असणारच," मी म्हटलं. "पंजा जरा लहान आहे म्हणतात. पण सुबक आहे."

"किती लहान?" क्लेमने विचारलं. मी अ‍ॅप्रनच्या खिशातून शिवणाची टेप काढून त्याच्यासमोर ठेवली. टीव्हीवर आकडा आलाच होता. क्लेमने आपला पंजा मोजला, मग आकडा पाहिला, मग पुन्हा पंजा. त्याचे कान लाल व्हायला लागले.

"हा सरोवरावरच्या वाऱ्यात चेंडू फेकणार? पियानोवाला?"

"फेकेल की. तुझ्यासारखी ताकद नसली तरी डोकं आहे त्याला."

"लोरी, तू यात पडू नको. तुला काय कळतं?"

बरं झालं, तो हे म्हणाला. तोपर्यंत मला थोडं वाईट वाटत होतं. म्हातारा झालाय, गुडघे दुखतात, त्या खुर्चीवर त्याचा जीव आहे हे मला ठाऊक होतं. ते तीन शब्द ऐकले आणि माझं काळीज चांगलं घट्ट झालं.

"मला कळत नाही ते खरंच," मी म्हटलं. "पण आपले लोक त्यालाच घेणार. आणि तू काय करणार आहेस? घरी येऊन कुरकुर करशील, बस. वय झालं आता. पूर्वीचा क्लेम पाव्हलाक असता तर..." मी घंटेकडे बघितलं सुद्धा नाही. फक्त त्याची ताटली पुसली.

ऑगीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गळ्याशी डोकावणाऱ्या जर्सीच्या काठाकडे पाहिलं. त्याला समजलं. तो खाटीक आहे, सुरी कुठे लावलीय ते त्याला दिसतं. तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं. त्याने एक पिएरोगी उचलली आणि ती तोंडात घालून सावकाश चावत बसला.

"पूर्वीचा क्लेम म्हणजे काय?" क्लेम उठला. गुडघे कडकडले. "पूर्वीचा म्हणजे काय? इथेच उभा आहे मी!"

"बस रे, दमशील," मी म्हटलं.

तो घंटेकडे गेला. त्याने दोरी धरली. नॉर्बने टाळ्यांना आधीच सुरुवात केली होती.

"त्या पियानोवाल्याला घेतलं," घंटा घणघणली, तळघर हादरलं, "तर तो आपल्या जर्सीत असेपर्यंत मी स्टेडियममध्ये पाय ठेवणार नाही! बापाच्या खुर्चीची शपथ!"

आणि मग माझ्याच मनात आलं, नाही घेतला तर? टीव्हीवाल्यांच्या भरवशावर कुणी शहाणी बाई काही करते का? आमच्या आधीच्या टीमचा नंबर आला. प्रुइट त्यांनीच उचलला तर माझं सगळं पाण्यात. मी झारा घट्ट धरून खिडकीत उभी होते, कढईत कांदा जळत होता, आणि जन्मात पहिल्यांदा मी ड्राफ्ट खरोखर बघत होते. त्यांनी कुणीतरी अडवणारा जाडजूड पोरगा घेतला. मी सुस्कारा टाकला तर नॉर्ब म्हणाला, "काय झालं गं?"

"कांदा डोळ्यांत गेला."

सुटातला माणूस पुन्हा मंचावर आला. आमचा नंबर. त्याने कागद उघडला, पाण्याचा घोट घेतला, माइक सारखा केला. इतक्या संथ माणसाला हे काम कुणी दिलं कोण जाणे. मग तो म्हणाला, स्टोकर्सनी टेव्हन प्रुइट याला घेतलं आहे.

पोरगा मंचावर आला आणि रडायला लागला.

सगळे क्लेमकडे बघत होते, अगदी त्या वर्षीसारखे. पण क्लेम या वेळी ताटलीकडे बघत नव्हता. तो टेपकडे बघत होता. मग घंटेकडे. मग माझ्याकडे, आणि माझ्या अ‍ॅप्रनची गाठ सुटून आतली जर्सी आता पुरती दिसत होती.

"लोरी," तो म्हणाला. "हे तू..."

"क्वार्टरबॅक टिकला तर दहा-बारा वर्षं टिकतो, नाही का रे ऑगी?" मी विचारलं.

"गुणी असला तर," ऑगी म्हणाला.

मी जळलेला कांदा कढईतून काढून टाकला आणि नवीन घातला. "रविवारचं जेवण फ्रिजमध्ये ठेवत जाईन, क्लेम," मी म्हटलं. "आणि माझी उशी कुठे ठेवलीस?"